२०१३ चा दीड टनी एसी दुपारी बंद पडतो. बदलावा की यातच जीव आणता येईल?

मानेवाडा_नागपूर

नमस्कार मंडळी. बाबांच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, २०१३ मध्ये घेतलेला. साधा, इन्व्हर्टर नसलेला, ३ स्टार, गॅस आर-२२. लेबलवर शीतक्षमता ५१०० वॅट आणि वीज १७५० वॅट लिहिलंय. पहिली काही वर्षं कसलीच तक्रार नव्हती. आता मे लागला की त्याचं तंत्र बिघडतं. सकाळी आणि रात्री बऱ्यापैकी थंड करतो, पण दुपारी दोन-अडीच वाजले की बाहेरचं युनिट 'टक्' आवाज करून थांबतं. आतला पंखा फिरत राहतो, नुसती हवा येते. वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा सुरू होतं, थोडा वेळ चालतं, पुन्हा थांबतं. साडेपाचपर्यंत हेच.

खोली बारा बाय चौदा, वर थेट गच्ची, पश्चिमेची भिंत पूर्ण उन्हात. बाहेरचं युनिट मागच्या छोट्या बाल्कनीत आहे. कबुतरांनी तिथे उच्छाद मांडला होता म्हणून मध्यंतरी त्या बाल्कनीला काचेच्या सरकत्या खिडक्या लावून घेतल्या. हॉलमध्ये डेझर्ट कूलर असतो, तो दिवसभर चालतो. बाबांच्या खोलीचं दार उघडंच असतं, कारण त्यांना बंद खोलीत एकटं वाटतं.

बाबा ७६ वर्षांचे आहेत, बीपीच्या गोळ्या चालू आहेत. नवतपात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) त्यांची खोली एसी चालू असूनही ३४-३५ अंशांच्या खाली येत नाही. दुपारी जेवण जात नाही, चेहरा उतरलेला असतो. मी ऑफिसातून फोन करते तेव्हा "ठीक आहे गं" म्हणतात, पण आवाजावरून कळतं.

मेकॅनिक दर एप्रिलला येतो, जाळ्या धुतो, बाहेरच्या युनिटवर पाणी मारतो, गॅस 'टॉप-अप' करतो. यंदा म्हणाला, कॉम्प्रेसर वीक झालाय, आता पैसे घालू नका, नवीन घ्या. घ्यायचाच असेल तर घेऊ. पण आधी खरं कारण समजून घ्यायचंय, कारण नवीन एसीही त्याच भिंतीवर आणि त्याच बाल्कनीत बसणार आहे.

---

कोथरूडकर

स्पष्ट सांगू का, तेरा वर्षांच्या आसपासच्या मशिनमागे धावू नका. २०१३ चा ३ स्टार म्हणजे ईईआर (एक वॅट विजेमागे किती वॅट उष्णता बाहेर काढतो तो आकडा) २.९ च्या आसपास. तुमच्याच आकड्यांवरून बघा, ५१०० भागिले १७५०. त्यानंतर स्टारचे तक्ते बरेच कडक झाले. २०१८ पासून सगळ्या रूम एसींना वर्षभराच्या हवामानावर काढलेला आयएसईईआर लावला जातो आणि जुलै २०२२ च्या तक्त्यात ५ स्टारसाठी तो ५ किंवा त्याहून जास्त लागायचा. दोन्ही मोजमापं एकसारखी नाहीत, त्यामुळे बिल बरोबर अर्ध्यावर येईल असं नाही म्हणणार, पण फरक चांगलाच पडतो. शिवाय इन्व्हर्टर एकदा खोली थंड झाली की हळू चालतो, तुमच्यासारखा सतत टक्-टक् करत नाही.

गॅसचं पण लक्षात घ्या. आर-२२ ओझोनला मारक. मॉन्ट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांत त्याचं उत्पादन २०३० पर्यंत जवळपास थांबायचंय, पुढे २०४० पर्यंत फक्त जुन्या मशिनच्या दुरुस्तीपुरता अगदी थोडा वाटा. म्हणजे दिवसेंदिवस तो महाग होत जाणार.

---

गच्चीवाली_धरमपेठ

एसी बदला किंवा ठेवा, त्याआधी डोक्यावरच्या स्लॅबचं बघा ताई. मी पण सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. नागपुरात एप्रिल-मेच्या उन्हात काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता खाली उतरायला संध्याकाळ होते. म्हणून रात्री दहा-अकराला बाहेर वारा बरा वाटत असतो तेव्हा खोलीचं छत हाताला गरम लागतं. एकदा स्टुलावर चढून तळवा टेकवून बघा.

आम्ही दर वर्षी होळीच्या आसपास गच्ची झाडून, धुऊन चुन्याचे दोन हात मारतो. चुना आदल्या रात्री भिजवायचा, गाळून घ्यायचा, त्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉलसारखा गोंद घालायचा आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर मारायचा. भर दुपारी मारला तर पाणी उडून जातं, चुना पकडत नाही, पायाला पावडर लागते. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, पण काम उन्हाळ्याचंच असतं. पांढरा कूल-रूफ पेंट जास्त टिकतो, खर्चही जास्त.

हिरवी जाळी लावणार असाल तर स्लॅबवर अंथरू नका. बांबूवर सहा-सात फूट उंच ताणा, खालून वारा वाहायला हवा. आणि पश्चिमेच्या खिडकीचा पडदा आतून कितीही जाड असला तरी काच तापून उष्णता आत आलेलीच असते. बाहेरून बांबूची चटई किंवा वाळ्याची ताटी सोडा. आमच्याकडे या दोन गोष्टींनी दुपारचा फरक नुसत्या अंगावर कळतो, मोजायची गरज पडत नाही.

---

एसी_फ्रिज_अकोला

ताई, मी अकोल्यात एसी-फ्रिजचं दुकान चालवतो. आयटीआय करून याच कामात पडलो, उन्हाळे इथलेच पाहिले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या लिहिण्यातच अर्ध उत्तर आहे. "सकाळी आणि रात्री बऱ्यापैकी थंड करतो." कॉम्प्रेसर खरोखर झिजला असेल, आतले व्हॉल्व्ह गेले असतील, तर तो सहसा रात्रीही नीट थंड करत नाही. दुपारी थांबतो आणि निवला की पुन्हा चालतो, याचा अर्थ त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड (जास्त तापला की वीज तोडणारा स्विच) त्याला जळण्यापासून वाचवतोय. तुम्ही ऐकता तो 'टक्' तोच. तेव्हा तो ओव्हरलोड का पडतो ते शोधायचं. कुणी ओव्हरलोडच बायपास करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

एसी थंडी तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेर टाकायची तर बाहेरची कॉइल बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावीच लागते, साधारण पंधरा अंशांनी. बाहेर ३५ असेल तर कॉइल ५० ला, आणि आर-२२ चा दाब २७० पीएसआयच्या आसपास. बाहेर ४५ असेल तर कॉइल ६० ला आणि दाब ३३५-३४०. आता विचार करा, काच लावलेल्या बाल्कनीत युनिट स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत असेल आणि तिथली हवा ५२ वर गेली असेल. दाब ४०० ला टेकतो, कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि ओव्हरलोड पडतो. एसीच्या लेबलवरची क्षमता बाहेर ३५ अंश धरून काढलेली असते. आपल्याकडे ३५ म्हणजे मेमधली सकाळ. त्यामुळे ४५ ला दीड टन हा दीड टन राहतच नाही, आणि काचेच्या पेटीत तर अजिबात नाही.

म्हणून आधी हे मोजा. एक वायरवाला डिजिटल थर्मामीटर आणा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळतो. पंधरा मिनिटं एसी चालू द्या. थर्मामीटरचं टोक इनडोअरच्या वरच्या जाळीशी धरा, जिथून हवा आत जाते, मग खालच्या झडपेत धरा, जिथून बाहेर येते. दोन्हींतला फरक बघा. विदर्भात मेमध्ये हवा कोरडी असते, त्यामुळे तब्येतीच्या एसीने ११-१३ अंशांचा फरक दाखवायला हवा. मुंबईला तोच एसी कमी फरक दाखवेल, कारण तिथे त्याची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. याच कारणाने मेमध्ये तुमच्या ड्रेन पाइपमधून पाणी टपकत नसेल तर घाबरू नका, आपल्याकडे तसंच असतं.

फरक चांगला असेल आणि तरी खोली ३४ ला अडकली असेल, तर एसी त्याचं काम करतोय, खोलीत उष्णता जास्त येतेय. तिथे धरमपेठच्या ताईंचं बरोबर. फरक सहा-सात असेल तर मशिनमध्ये बघावं लागेल.

हेच दुपारी तीनला आणि रात्री अकराला, दोन वेळा करा. दुपारी थर्मामीटर बाहेरच्या युनिटच्या मागेही धरा, जिथून ते हवा ओढतं. आधी काचा बंद ठेवून, मग पूर्ण उघडून. आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून टाँग टेस्टरने (वायरभोवती धरायच्या मीटरने) करंट, एसीच्या सॉकेटवर एसी बंद असताना आणि चालू असताना व्होल्टेज, आणि रन कपॅसिटरचा (कॉम्प्रेसरच्या मोटरला जोर देणाऱ्या भागाचा) मायक्रोफॅरॅड, म्हणजे त्याचं माप, मोजून घ्या. कपॅसिटरला तुम्ही हात लावू नका, मेन बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो. कपॅसिटर उन्हाने हळूहळू उतरतो. पूर्ण मेला तर एसी चालूच होत नाही आणि लगेच कळतं, पण अर्धवट उतरलेला वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि कॉम्प्रेसरचा जीव खातो. पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतरला असेल तर बदलायचा. काही शेकड्यांचं काम आहे.

आता गॅस. यावर मला मनापासून बोलायचंय. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच गॅस गोल फिरत राहतो. मशिन बंद पडेपर्यंत तोच पुरायला हवा. दरवर्षी 'टॉप-अप' लागतो म्हणजे एकतर कुठेतरी गळती आहे आणि ती कुणी शोधत नाही, किंवा गळती नाहीच आणि उगाच भरला जातोय. एप्रिलच्या सकाळी गेज लावून, काटा थोडा खाली दिसला म्हणून अंदाजाने सोडलेला गॅस मेच्या दुपारी अंगावर येतो. जास्तीच्या गॅसनेही दाब वाढतो आणि ओव्हरलोड पडतो. बरोबर पद्धत एकच: असलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून तोलायचा, नायट्रोजन भरून गळती बघायची, साबणाचं पाणी नळ्यांच्या जोडावरच्या प्रत्येक फ्लेअर नटला लावायचं, व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल पूर्ण काढायची, आणि मग बाहेरच्या युनिटच्या प्लेटवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायचं. नायट्रोजनऐवजी कुणी वेल्डिंगचा ऑक्सिजन वापरत असेल तर काम तिथेच थांबवा. कॉम्प्रेसरच्या तेलाशी दाबाखालचा ऑक्सिजन भेटला की स्फोट होतो.

आणि आर-२२ च्या मशिनमध्ये आर-३२ किंवा आर-४१० भरून देतो असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. त्यांचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, तेलही वेगळं लागतं. तुमचं मशिन त्यासाठी बांधलेलंच नाही.

शेवटचं, हॉलमधला कूलर. बाबांचं दार उघडं आणि बाहेर कूलर चालू, म्हणजे ओली हवा सतत एसीकडे जातेय. एक लिटर पाणी हवेतून परत काढायला एसीला वीजबिलाच्या मापात जवळजवळ ०.७ युनिट उष्णता उचलावी लागते. तुमच्या एसीची ताशी ताकद साधारण ५ युनिट. तासाला दोन लिटर पाणी काढावं लागलं तर पाव ताकद त्यातच गेली. कूलर चांगली वस्तू आहे, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याच्यासारखं स्वस्त काही नाही. पण एसीची खोली आणि कूलरची खोली यांच्यात बंद दार हवं. बाबांना एकटं वाटत असेल तर दाराला काचेची पट्टी बसवता येते, माणसं दिसत राहतात.

---

मानेवाडा_नागपूर

भाऊ, इतकं वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. रविवारी इलेक्ट्रिशियन दादांना बोलावून सगळं मोजलं. जसं दिसलं तसं लिहिते.

दुपारी तीन. बाहेरच्या युनिटमागे, काचा बंद: ५३. मी दोनदा बघितलं. काचा पूर्ण सरकवून दहा मिनिटांनी: ४७. सरकवूनही निम्मा भाग झाकलेलाच राहतो, कारण दोन काचा एकावर एक येतात.

इनडोअरला वरून आत ३४, खालून बाहेर २७. फरक ७. रात्री अकराला २९ आणि १८, फरक ११.

करंट दुपारी १०.४ अँपिअर, आणि त्यानंतर थोड्याच वेळात तो टक् झाला. रात्री ८.२.

व्होल्टेज एसी बंद असताना २२३, चालू झाल्यावर २०५. दादा म्हणाले एवढं पडायला नको. त्यांनी बोर्ड उघडला तर एसीच्या एमसीबीच्या एका स्क्रूखाली वायर काळी पडलेली, वरचं प्लास्टिक वितळून चिकटलेलं. ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

कपॅसिटरवर ४५ लिहिलंय, मीटरवर ३७ आला.

एक विचारायचं राहिलं. शेजारचे म्हणतात दुपारी बाहेरच्या युनिटवर पाण्याचा फवारा मारा, लगेच फरक पडतो. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. मारू का?

---

एसी_फ्रिज_अकोला

ताई, फार नीट मोजलंत. आता अंधारात तीर मारायची गरज नाही.

रात्री फरक ११ आणि करंट ८.२. लेबलवर १७५० वॅट आहे, म्हणजे २३० व्होल्टला ८ अँपिअरच्या आसपासच यायला हवा. हा कॉम्प्रेसर मेलेला नाही. गॅसही कमी नाही. गॅस कमी असता तर करंट ८ च्या बराच खाली दिसला असता आणि ११ चा फरक आला नसता. उलट मला जास्त भरलेला वाटतो, ते तोलल्यावर कळेल.

दुपारी तीन गोष्टी एकाच वेळी त्याच्यावर येतात: ५३ ची हवा, पडलेलं व्होल्टेज आणि उतरलेला कपॅसिटर. यातली एकेकटी त्याने सोसली असती.

पहिलं काम ती वायर. आजच. एसीपेक्षा ते महत्त्वाचं आहे, घराला आग लागायची जागा आहे ती. एमसीबी बदला, काळा तुकडा कापून नवीन वायरीचं टोक घट्ट बसवा. जमलं तर बोर्डापासून एसीपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर एकसंध ओढून घ्या, मध्ये जॉइंट नको. त्यानंतर व्होल्टेज पुन्हा मोजा, पाच-सहाच्या वर पडायला नको.

दुसरं, कपॅसिटर. त्याच मापाचा, ४५ चा. "५० टाकतो, जोर येईल" असं काही जण म्हणतात, ते चुकीचं.

तिसरं, काचा. युनिटच्या समोरच्या काचा काढूनच टाका आणि कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावा, ती हवा अडवत नाही. पंख्यासमोर तीन-चार फुटांपर्यंत काही ठेवू नका, कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा नको.

चौथं, आतलं धुणं. जाळ्या धुणं म्हणजे सर्व्हिस नव्हे. इनडोअरच्या आत लांबट ब्लोअर असतो, त्याच्या पात्या पन्हाळीसारख्या वळलेल्या असतात. टॉर्च मारून झडपेतून आत बघा. पात्यांच्या खोबणीत धुळीचा नमदा बसलेला दिसेल. खोबण भरली की पंखा तितक्याच वेगाने फिरतो, आवाज तोच येतो, पण हवा कमी फेकतो. बाहेरून काहीच कळत नाही. खाली पिशवी बांधून जेट पंपाने कॉइल आणि ब्लोअर दोन्ही धुवायला सांगा. तिखट ॲसिडचं लिक्विड वापरू देऊ नका, कॉइलवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन्स, खातं. बाहेरची कॉइल आतून बाहेर धुवायची. बाहेरून मारलं की धूळ आणखी आत रुतते. वाकलेल्या फिन्स फिन-कंगव्याने सरळ करून घ्या.

हे सगळं झाल्यावर मग गॅस तोला. आधी नाही.

बोअरच्या पाण्याचा फवारा मारू नका. फरक पडतो हे खरं, पाणी उडताना कॉइल निववतं. पण बोअरचं पाणी जड, क्षार सगळे फिन्सवर राहतात. एक-दोन उन्हाळ्यांत पांढरा थर धरतो, तो निघत नाही आणि कॉइल कायमची निकामी होते. वर सावली करा, ती चालेल, पण पत्रा युनिटपासून दोन फूट तरी वर हवा.

आणि रिमोट १६ वर ठेवून तो लवकर थंड करत नाही. साधा एसी एकतर पूर्ण चालतो, नाहीतर बंद असतो. रात्री खोली उतरली की २६ ला ठेवून छताचा पंखा एकवर लावा. बीईईच्या (स्टार ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हिशेबाने प्रत्येक अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि बाबांच्या वयाला फार गार झोतही चांगला नाही. झोत थेट अंगावर नको.

---

गच्चीवाली_धरमपेठ

वायरचं वाचून धस्स झालं. आमच्या बिल्डिंगमध्ये मी सगळ्यांना बोर्ड उघडून बघायला सांगितलंय. ताई, गच्चीसाठी सोसायटीची परवानगी लेखी घ्या. पाण्याच्या टाकीखालची जागा चुन्यातून सुटते, तीच नेमकी कुणाच्या तरी डोक्यावर असते. आमची तशीच सुटली होती.

---

मानेवाडा_नागपूर

सगळं झालं, म्हणून लिहितेय. एमसीबी आणि वायर त्याच दिवशी बदलली. आता व्होल्टेज एसी चालू झाल्यावर फक्त पाच-सहाने पडतं. कपॅसिटर नवा. काचा काढल्या, जाळी लावली. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, कारण काचा चांगल्या महागाच्या होत्या, पण त्या आता हॉलच्या बाल्कनीला लावू.

धुण्यासाठी दुसरा माणूस बोलावला. ब्लोअरमधून निघालेलं पाणी सुरुवातीला काळंकुट्ट होतं, मग करडं, शेवटी स्वच्छ. पिशवीच्या तळाशी मूठभर ओला नमदा निघाला, भाऊ म्हणाले तस्साच. झडपेतून येणारी हवा आता पलंगाच्या पायथ्यापर्यंत लागते.

गॅस त्यांनी सिलिंडरमध्ये काढून तोलला. प्लेटवर १.१ किलो लिहिलंय, निघाला १.४ च्या जवळ. नायट्रोजन रात्रभर भरून ठेवला, सकाळी काटा जागेवर होता. म्हणजे गळती नव्हतीच. इतक्या एप्रिलांत भरलेला गॅस आतच साचत गेला आणि आम्ही दरवर्षी पैसे मोजत राहिलो. याचा राग येतो, विशेषतः बाबांनी काढलेल्या दुपारी आठवल्या की.

परवा बाहेर ४५ असताना दुपारी तीनला युनिटमागे ४६, करंट ९.१, फरक १२. बंद पडला नाही. खोली २८ ला आली. दाराला काचेची पट्टी बसवून घेतली आहे, दार आता बंद असतं, आणि हॉलमधलं सगळं बाबांना दिसतं. काल जेवून झोपले ते चारला उठले. गच्चीचं पत्र सोसायटीला दिलंय.

भाऊ, एकच शेवटचा प्रश्न. यापुढे याच्यावर पैसे कधी घालायचे नाहीत?

---

एसी_फ्रिज_अकोला

बाबा झोपले हे वाचून बरं वाटलं ताई.

कपॅसिटर, पंख्याची मोटर, सेन्सर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) दुरुस्ती, असलं काही आलं तर खुशाल करा. इनडोअरची कॉइल गळायला लागली किंवा कॉम्प्रेसर खरोखर जळला, तर थांबा. तेवढ्या खर्चात नव्याचा बराच भाग निघतो, आणि आर-२२ पुन्हा पूर्ण भरायला लागेल ते वेगळं. तेव्हा कोथरूडकरांचा सल्ला ऐका, इन्व्हर्टर घ्या. घेताना बाहेर किती अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेने चालतो ते कागदावर दाखवायला सांगा आणि युनिट त्याच उघड्या जाळीच्या बाल्कनीत बसवा.

जुना काढताना गॅस आउटडोअरमध्ये लॉक करून घ्यायला लावा, मग नळ्या सोडायच्या. आणि तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्या दुकानदारालाच द्या. पाइप करवतीने कापून नेणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तेवढा गॅस माझ्यासारख्या कुणाला दुसऱ्या जुन्या मशिनसाठी लागतोच.